युद्धकाळातल्या नौदल छायाचित्रांची कुशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याला समुद्र नाही, पण नौदलात नोकरी करून गावी परतलेली माणसं तालुक्या-तालुक्यात आहेत. जुन्या युद्धनौकांचा फोटो दिवाणावर, बैठकीवर असावा असं वाटणारी घरंही कमी नाहीत. अशी कुशन गावातल्या फोटो स्टुडिओत किंवा छपाईवाल्याकडे करून घेताना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. छापून विकणाऱ्यांनाही ती उपयोगी पडतील.

कुठला फोटो कुशनवर घ्यावा आणि कुठला भिंतीवरच बरा?

कुशन ही टेकायची वस्तू आहे. दुपारी कुणी ती डोक्याखाली घेतं, लहान पोरं तिच्यावर उभी राहतात, पाहुणे आले की ती पाठीमागे दाबली जाते. म्हणून ज्या फोटोला पाय लागला तर मनाला चुटपुट लागेल, तो कुशनवर घेऊ नये. जहाज, लाटा, डेकवर ओळीने लावलेली विमानं, तोफांच्या नळ्या, नांगराची साखळी, दूरवर पसरलेला ताफा हे सगळं चालतं. ओळखू येणारे चेहरे, हुतात्म्यांचे फोटो, बुडणारं जहाज हे नको.

'आयएनएस खुकरी'बद्दल वारंवार विचारणा होते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीने खुकरीला टॉर्पेडोने बुडवलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. घरात खुकरीची आठवण ठेवायची असेल तर चांगल्या कागदावर छापून, काचेच्या फ्रेममध्ये, नजरेच्या उंचीवर लावा. कुशनसाठी त्याच काळातली दुसरी नौका निवडा.

सजावटीच्या दृष्टीने कोणते फोटो उठून दिसतात?

ज्यांच्यात आकार ठळक आहेत ते. पहिल्या महायुद्धात, १९१७ पासून, जहाजांवर परस्परविरोधी रंगांच्या तिरक्या पट्ट्यांचं 'डॅझल' रंगकाम करत. ब्रिटिश चित्रकार नॉर्मन विल्किन्सन यांची ती कल्पना. जहाज लपवणं हा हेतू नव्हता. पाणबुडीतून पाहणाऱ्याला जहाजाची दिशा आणि वेग यांचा अंदाज येऊ नये, हा होता. 'एचएमएस आर्गस' ही विमानवाहू नौका १९१८ मध्ये अशाच पट्ट्यांत रंगवलेली होती. डॅझलचे फोटो कापडावर फार सुंदर येतात, कारण खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ते नक्षीसारखे दिसतात आणि जवळ गेल्यावर जहाज उलगडतं.

विमानातून काढलेले अटलांटिक ताफ्यांचे फोटोही असेच. गडद पाणी, त्यावर ठिपक्यांसारखी जहाजं आणि त्यांच्यामागे पांढऱ्या रेघा.

आपल्याशी नातं सांगणारं काही हवं असेल तर दोन विषय सुचवतो. एक, 'एचएमएस अकिलिस'. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेजवळ रिव्हर प्लेटच्या लढाईत 'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेशी लढलेल्या तीन क्रूझरांपैकी, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकांपैकी, ही एक. पुढे हीच नौका भारताने घेतली आणि ती 'दिल्ली' झाली. दुसरा, 'एचएमआयएस बेंगॉल'. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ही छोटी नौका आणि 'ओंडिना' हा डच टँकर यांनी दोन मोठ्या सशस्त्र जपानी जहाजांना तोंड दिलं. त्यातलं 'होकोकु मारू' बुडालं.

फोटोत तिरंगा दिसत असेल तर?

तो फोटो कुशनवर छापू नका. यात मतमतांतराला जागा नाही. राष्ट्रप्रतिष्ठा अपमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ मध्ये राष्ट्रध्वज कुशन, रुमाल, नॅपकिन यांवर छापणं किंवा भरतकामात काढणं हा स्पष्टपणे ध्वजाचा अपमान ठरवला आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. त्याच कायद्यात 'राष्ट्रध्वज' म्हणजे ध्वजाचं चित्र, छायाचित्र किंवा त्याचा एखादा भागही, असं म्हटलं आहे. त्यामुळे 'फोटो काळा-पांढरा आहे, रंग कुठे दिसतात' ही सबब चालत नाही.

१९७१ च्या भारतीय नौकांवरच्या नौदल ध्वजातही वरच्या कोपऱ्यात तिरंगा होता. नांगर टाकून उभ्या जहाजाच्या फोटोत तो मागच्या टोकाला, म्हणजे नाळेच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) विरुद्ध बाजूला शोधा. चालत्या जहाजावर तो बहुधा डोलकाठीवर असतो. फोटो संगणकावर मोठा करून या दोन्ही जागा आणि नाळेचं टोकही तपासा. ध्वज दिसलाच तर तो असलेला भाग कातरा, नाहीतर दुसरा फोटो घ्या. ब्रशने ध्वज पुसून टाकायचा सल्ला आम्ही देत नाही; ऐतिहासिक फोटोतून ध्वज नाहीसा करणं बरोबर नाही.

नौदलाचं बोधचिन्ह, राजमुद्रेतले सिंह, जहाजाचं अधिकृत क्रेस्ट हेही परवानगीशिवाय विक्रीच्या मालावर नको. तिथे बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराबाबतचा १९५० चा कायदा लागतो. परदेशी फोटोंत नाझी चिन्ह असलेला ध्वज असेल तर तोही बैठकीवर कशाला आणायचा? तेवढ्या भागाचा फोटो कातरा.

इंटरनेटवरचा फोटो घेऊन छापला तर चालतं का?

फोटो कुणी काढला आणि कधी प्रसिद्ध झाला, यावर ते ठरतं.

अमेरिकी नौदलाच्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोवर अमेरिकेत कॉपीराइट नसतो. पर्ल हार्बर, मिडवे, पॅसिफिकमधल्या विमानवाहू नौका यांचे शेकडो फोटो या वर्गात येतात. ब्रिटिश सरकारने १ जून १९५७ पूर्वी काढलेल्या फोटोंचा सरकारी कॉपीराइट ५० वर्षांनी संपतो, म्हणजे महायुद्धातले फोटो केव्हाच मोकळे झालेत. जर्मन संघीय अभिलेखागाराने विकिमीडियावर दिलेले फोटो मात्र श्रेय देण्याच्या आणि त्याच अटींवर पुढे वाटण्याच्या परवान्यावर आहेत. ते वापरले तर छायाचित्रकाराचं आणि संग्रहाचं नाव कुशनच्या लेबलवर यायलाच हवं.

आपल्याकडचं गणित असं. भारत सरकारच्या मालकीच्या कामावर प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेला सरकारी फोटो आज मोकळा आहे. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेला नौदलाचा अधिकृत फोटो मात्र ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत संरक्षित आहे. खासगी वापरासाठी कायद्यात काही मोकळीक आहे, पण दुकानदाराने त्याच फोटोची पंचवीस कुशन करून विकायला ठेवणं म्हणजे धंदा. त्याला लेखी परवानगी लागते. वर्तमानपत्राच्या किंवा खासगी छायाचित्रकाराच्या फोटोची मुदत वेगळी, तिथे मालकालाच विचारा.

आमच्याकडे 'विक्रांत १९७१' म्हणून आलेला फोटो खरा आहे का, कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, कारण जुन्या आणि नव्या दोन्ही विक्रांतचा क्रमांक 'आर ११' आहे. नुसता क्रमांक पाहून निर्णय घेऊ नका. डेकचं पुढचं टोक पाहा.

जुनी विक्रांत ही विमानवाहू नौका ४ मार्च १९६१ रोजी सेवेत आली. १९७१ मध्ये तिचं पुढचं टोक सपाट होतं आणि विमानं वाफेच्या कॅटापल्टने, म्हणजे डेकवरून पुढे फेकणाऱ्या यंत्राने, उडत. डेकवर सी हॉक ही छोटी जेट आणि अलिझे ही पंख्याची विमानं असत. या विमानांनी बंगालच्या उपसागरातून चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. पुढे १९८० च्या दशकात तिचं टोक उताराच्या पाटीसारखं वर उचललं गेलं आणि डेकवर सी हॅरियर ही जेट विमानं आली. म्हणजे वर वळलेलं टोक किंवा हॅरियर दिसलं की तो फोटो १९७१ चा नाही. २ सप्टेंबर २०२२ रोजी सेवेत आलेल्या नव्या विक्रांतचं टोकही वर वळलेलंच आहे, पण तिचा मनोरा आधुनिक, सपाट पृष्ठांचा आणि रडारच्या पट्ट्यांचा आहे. 'विराट' ही विमानवाहू नौका तर १९८७ मध्ये आपल्याकडे आली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिशांची 'हर्मिस' होती.

'कराचीवरच्या हल्ल्याचा फोटो' म्हणून फिरणारे फोटो घ्यावेत का?

४ डिसेंबर १९७१ चा हल्ला रात्री झाला. निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी तो केला. ८ डिसेंबरचा दुसरा हल्ला 'विनाश'ने केला, तोही रात्रीच. त्यामुळे लख्ख उन्हात क्षेपणास्त्र सुटताना दिसत असेल तर तो फोटो त्या रात्रींचा असू शकत नाही. या वर्गातल्या नौकेचा फोटो म्हणून तो अवश्य घ्या, फक्त लेबलवर 'कराची, ४ डिसेंबर' असं लिहू नका. या नौका ओळखायला सोप्या आहेत : बुटक्या, रुंद, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन मोठ्या पेट्यांसारखी क्षेपणास्त्रांची घरं.

फोटो किती मोठा लागतो? व्हॉट्सअॅपवर आलेला चालेल का?

१६×१६ इंचाच्या कुशनला शिवणीसह १७×१७ इंच छपाई लागते. कापडावर इंचाला १५० पिक्सेल पुरतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी किमान २५५० पिक्सेल. २०० ने हवं असेल तर ३४००. त्याहून जास्त दिलं तरी कापडाच्या विणीत तो तपशील हरवतो.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा ईमेलने. घरातला छापील फोटो असेल तर मोबाइलने त्याचा फोटो काढू नका. काचेची चमक येते आणि कडा वाकतात. फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन करा. ६×४ इंची फोटोची छोटी बाजू ४ इंच, तेव्हा २५५० पिक्सेलसाठी ६४० डीपीआय (इंचाला ठिपके) लागतात. ८०० वर ठेवा. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा.

वर्तमानपत्रातलं कात्रण असेल तर त्यात छपाईचे ठिपके असतात. ते कापडाच्या विणीवर पडले की जाळीसारखे पट्टे उमटतात. स्कॅनरमधला 'डीस्क्रीन' पर्याय चालू करा आणि आकार १० इंचांच्या पुढे नेऊ नका.

जुना फोटो एआयने मोठा आणि रंगीत करून घ्यावा का?

नको. मोठं करताना ही साधनं नसलेला तपशील भरतात : डोलकाठीच्या दोऱ्या भलत्या जागी जोडतात, तोफेच्या दोन नळ्यांच्या तीन करतात, आणि बाजूवरच्या क्रमांकाची वाचता न येणारी चिन्हं होतात. ज्या घरात कुणी त्या जहाजावर काम केलं आहे, तिथे ही चूक पहिल्या मिनिटात दिसते. रंगांचंही तेच. मूळ राखाडी छटा कोणत्या होत्या हे काळ्या-पांढऱ्या फोटोवरून कळत नाही.

रंगाची ऊब हवीच असेल तर संपूर्ण फोटोला हलकी तपकिरी झाक द्या. ओरखडे आणि धुळीचे ठिपके मात्र हाताने साफ करायला हरकत नाही.

चौकोनी कुशन घ्यावं की लांबट?

जहाज लांब आणि बुटकं असतं. चौकोनात ते बसवलं की वर आभाळ आणि खाली पाणी एवढंच उरतं. ३५ मिलिमीटर रोलच्या कॅमेऱ्याचा फोटो ३:२ प्रमाणात असतो आणि १२×१८ इंचाचं कुशनही नेमकं त्याच प्रमाणात, म्हणून काहीही न कातरता तो बसतो. पूर्ण जहाज बाजूने दिसत असेल तर १२×१८ किंवा १४×२१. समोरून काढलेली नाळ, तोफेचा बुरूज, डेकवरची विमानं यांना १६×१६ चांगलं.

दोन गोष्टी छपाईआधीच बघा. कुशन फुगलं की कडेचा दीड-दोन इंच भाग मागे वळतो. जहाजाचं टोक, क्रमांक, डोलकाठीचा शेंडा हे सगळं कडेपासून दोन इंच आत ठेवा. दुसरी, क्षितिजाची रेघ. एक अंश जरी तिरकी असली तरी १६ इंचांत ती सात मिलिमीटर घसरते, आणि शिवण सरळ असल्यामुळे ते डोळ्याला लगेच खुपतं. म्हणून आधी फोटो क्षितिजाला सरळ करा आणि मगच कातरा.

सुती कापडावर का छापत नाहीत? सुती कुशन जास्त बरं नाही का?

बहुतेक गावांत मिळणारी छपाई सब्लिमेशनची असते. तिची शाई उष्णतेने वायू होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. सुताच्या धाग्यात ती शिरत नाही. छापलं तरी फिकट दिसतं आणि पहिल्या धुण्यात जातं. सुतीच हवं असेल तर पिगमेंट किंवा रिअॅक्टिव्ह डिजिटल छपाई लागते, आणि त्यासाठी मोठ्या शहरातल्या कापड छपाईवाल्याकडे जावं लागतं. पिगमेंटमध्ये गडद भाग घासून सुटण्याची तक्रार असते. माल ताब्यात घेताना ओल्या पांढऱ्या फडक्याने काळा भाग दहा वेळा घासून पाहा. फडकं करडं झालं तर घेऊ नका.

डीटीएफ छपाई (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवण्याची) सुतावर चालते, पण फोटोएवढा मोठा प्लास्टिकचा थर गालाला चिकट लागतो आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात त्यावर डोकं टेकवत नाही.

पॉलिस्टरमध्ये २०० ते २८० जीएसएमचं (चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचं) मॅट कॅनव्हास किंवा लिनेनसारखं दिसणारं कापड जुन्या फोटोंना शोभतं. सॅटिनवर तपशील उत्तम येतो, पण चकाकीमुळे बाजूने पाहिलं की काळा भाग पांढरट दिसतो. मखमलीवर काळा रंग खोल येतो, मात्र डोलकाठीच्या बारीक दोऱ्या तिच्या लवीत बुडतात. डॅझलला मखमल घ्या, बारीक तपशिलाच्या फोटोला नको.

गावातल्या मग-टीशर्टवाल्या स्टुडिओत हे होईल का?

होईल, पण मशीनची मर्यादा आधी विचारा. अशा दुकानांतला हीट प्रेस सहसा ३८×३८ सेंटिमीटरचा, म्हणजे १५ इंची असतो, आणि प्रिंटर ए-४ किंवा ए-३. ए-३ कागदाची रुंदी ११.७ इंच. त्यामुळे १६ इंची कुशन कडेपासून कडेपर्यंत तिथे छापता येत नाही. दोन कागद जोडले तर मधोमध रेघ उमटते आणि ती समुद्रात हमखास दिसते. अशा ठिकाणी ११ इंची फोटो मधे आणि भोवती मोकळी पांढरी चौकट अशी रचना करा. जुन्या फोटोच्या पांढऱ्या किनारीसारखी ती दिसते आणि छान दिसते. कडेपर्यंत हवं असेल तर मोठा प्रेस असलेला छपाईवाला गाठा. तिथे आधी सपाट कापड छापतात आणि नंतर शिवतात.

तयार चेनचा कोरा अभ्रा वापरत असाल तर क्रम असा ठेवा :

१. अभ्र्याच्या आत फोमची किंवा सिलिकॉनची सपाट गादी घाला. शिवण आणि चेन प्लेटच्या बाहेर राहू द्या. शिवण जाड असते; ती प्लेटखाली आली की तिच्या शेजारच्या कापडावर दाब पडत नाही आणि तिथे फिकट पट्टा राहतो.

२. चिकट रोलरने कापड पुसा. कापसाच्या हंगामात हवेत तंतू असतात. एक तंतू राहिला तरी पांढऱ्या आभाळात निळा-काळा ठिपका उमटतो आणि तो निघत नाही.

३. कापड ५ ते ८ सेकंद कोरंच दाबा. दमटपणा निघतो आणि कापड आकसायचं तेवढं आधीच आकसतं. पावसाळ्यात ही पायरी गाळली की डाग पडतात.

४. फोटो आरशात दिसतो तसा उलटा छापा. कागदावर 'आर ११' सुलटा वाचता आला तर कापडावर तो उलटा येणार, हे लक्षात ठेवा.

५. कागद हीट टेपने चारही बाजूंनी पक्का करा. वर आणि खाली बटर पेपर ठेवा.

६. २०० अंश सेल्सिअस, ५० ते ६० सेकंद, मध्यम दाब. उघडल्यावर कागद गरम असतानाच एका झटक्यात सरळ वर उचला. तो घसरला तर डोलकाठीच्या शेजारी तिची सावली उमटते.

काळा रंग तपकिरी किंवा हिरवट का येतो?

सब्लिमेशनचा काळा हा बहुधा नुसत्या काळ्या शाईचा नसतो, चारही रंगांच्या मिश्रणाचा असतो. उष्णता कमी पडली की सगळ्या शाया सारख्या चढत नाहीत आणि काळ्याला तपकिरी-हिरवी झाक येते. उष्णता किंवा वेळ जास्त झाला तर पांढरा भाग पिवळसर पडतो आणि कडा पसरतात. रंगीत फोटोत हे लपतं. काळ्या-पांढऱ्यात लपायला जागाच नसते.

आपल्याकडे याचं मोठं कारण म्हणजे विजेचा दाब. प्रेसला दीड-दोन किलोवॅट लागतात. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की एकामागून एक दाबताना प्लेट परत तापत नाही, तरी पडद्यावर आकडा दोनशेच दिसू शकतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने प्लेटचा मध्य आणि चार कोपरे मोजून घ्या, कोपरे थंड निघतात. संच छापायचा असेल तर सगळी कुशन एकाच बैठकीत, मधे पुरेसा वेळ देऊन छापा, नाहीतर सोफ्यावर चार कुशनच्या चार छटा दिसतील.

छपाईआधी त्याच कापडाच्या तुकड्यावर राखाडी पट्टी काढून बघा : पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत दहा-दहा टक्क्यांनी वाढणारे अकरा चौकोन. ८०, ९० आणि १०० हे तिन्ही एकसारखे काळे दिसले तर फोटोतला सावलीचा भाग थोडा उजळवा. युद्धनौका राखाडी, समुद्र राखाडी, आभाळही राखाडी. या तिघांत फरक राहिला तरच जहाज दिसतं. पट्टी आणि नमुना दिवसाच्या उजेडात तपासा, कारण दुकानातल्या एलईडीखाली करडा रंग वेगळाच भासतो.

मागच्या बाजूला हिमरू लावता येईल का?

येईल, आणि फार देखणं दिसतं. छत्रपती संभाजीनगरचं हिमरू सूत आणि रेशीम मिळून विणतात, त्यामुळे त्यावर सब्लिमेशन होत नाही. समोरचा भाग पॉलिस्टरवर छापा आणि हिमरू नंतर जोडा. हिमरू जोडलेलं कापड प्रेसखाली कधीही नेऊ नका. हिमरूला मागून पातळ अस्तर लावा, नाहीतर शिवणीपाशी धागे सरकतात. असं कुशन घरी मशीनमध्ये धुवायचं नाही, ड्राय क्लीनला द्यायचं. रोजच्या वापराला हिमरूची नुसती पायपिंग आणि मागे साधं कापड असं करा.

आत काय भरावं? घरचा कापूस चालेल?

आतली उशी अभ्र्यापेक्षा दोन इंच मोठी घ्या : १६ इंची अभ्र्यात १८ इंची. तशी घेतली की कोपरे भरतात आणि फोटो ताणून बसतो. पॉलिस्टर फायबरचं सुमारे अर्धा किलो पुरतं.

घरचा सरकी काढलेला कापूस चालतो. १६ इंचाला पाऊण किलोच्या आसपास लागेल. पण तो पिंजून घ्यायला हवा. न पिंजलेल्या कापसाचे गठ्ठे होतात आणि फोटोतलं जहाज मधेच फुगतं. वर्षातून एकदा पिंजारी आला की पुन्हा पिंजून घ्या. उन्हात घालताना अभ्रा काढून फक्त आतली उशी घाला.

बैठकीच्या लोडावर छापता येतं?

येतं, पण रचना वेगळी लागते. ९ इंच व्यासाच्या लोडाचा घेर सव्वाअठ्ठावीस इंच. शिवणीसाठी एक इंच धरा. भिंतीला टेकलेल्या लोडाचा समोरून जेमतेम दहा-अकरा इंचांचा पट्टाच नीट दिसतो. म्हणून पूर्ण घेरावर फोटो ताणू नका. दहा इंच उंचीच्या पट्ट्यात ताफा किंवा बाजूने दिसणारं एक लांब जहाज घ्या, बाकीचा घेर समुद्राच्याच करड्या रंगाचा ठेवा आणि शिवण मागे खाली जाईल अशी बघा. तक्क्यांना नेहमीचे चौकोनी फोटो चालतात.

धुवायचं कसं? रंग किती टिकतो?

अभ्रा उलटा करून, चेन लावून, थंड पाण्यात, सौम्य साबणाने. ब्लीच नाही. इस्त्री उलट्या बाजूने, मध्यम गरम.

बोअरच्या जड पाण्यात साबण नीट सुटत नाही आणि क्षार काळ्या भागावर पांढुरकी साय धरतात. लोक म्हणतात रंग उडाला. पुष्कळदा उडालेला नसतो. बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे पांढरं व्हिनेगर घालून शेवटचं खळबळून घ्या, साय निघते.

खरा शत्रू ऊन. पश्चिमेच्या खिडकीखालचा दिवाण एप्रिल-मेमध्ये रोज दुपारी तापतो. तिथलं कुशन पडद्याआड ठेवा किंवा उन्हाळ्यापुरतं हलवा. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका : ओल धरते, वास येतो, आणि पाण्यातले क्षार उडून बसतात. चेन अडकू लागली तर दातांवर मेणबत्ती घासा.

लेबलवर काय लिहावं?

मागच्या शिवणीत छोटी कापडी पट्टी लावा आणि जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहा : नौकेचं नाव, ठिकाण, वर्ष, फोटोचा संग्रह. 'आयएनएस विक्रांत, बंगालचा उपसागर, १९७१' एवढं पुरे. महिना पक्का नसेल तर वर्षावर थांबा. समोरच्या बाजूला, फोटोवर, मजकूर घालू नका.

घरच्या माणसाने जहाजावर काढलेला फोटो देता येईल का?

निवृत्त माणसाच्या अल्बममधला जुना फोटो बहुधा चालतो, फोटोत इतर सहकारी ओळखू येत असतील तर त्यांना विचारून. सेवेत असलेल्या मुलाने जहाजावर किंवा गोदीत काढलेला फोटो मात्र छपाईवाल्याकडे पाठवू नका. तिथे फोटो काढण्यावर बंधनं असतात, आणि फाइल एकदा दुकानाच्या संगणकात गेली की ती पुढे कुठे जाते हे आपल्या हातात राहत नाही.

४ डिसेंबरच्या नौदल दिनाला माजी सैनिकांना भेट द्यायची आहे. कधी सांगावं?

दिवाळीत छपाईवाल्यांकडे कॅलेंडर आणि भेटवस्तूंची गर्दी असते, त्यामुळे फोटो निवडण्याचं आणि ओळख पटवण्याचं काम दसऱ्याआधीच उरका. एक नमुना छापून घ्या, धुऊन, वाळवून पाहा. मग बाकीची एका दिवसात छापून घ्या आणि कापडाचा एकच तागा वापरा, कारण दुसऱ्या ताग्याचा पांढरा रंग थोडा वेगळा निघतो. भेट ज्यांना द्यायची ते कोणत्या नौकेवर होते हे आधी विचारा. विक्रांतवाल्याला विक्रांत, 'तलवार' नौकेवर असलेल्याला 'तलवार'. कुरिअरने पाठवायचं असेल तर फक्त अभ्रे सपाट घडी न घालता, कागदी नळीभोवती गुंडाळून पाठवा. आतली उशी तिथल्या तिथे मिळते, आणि घडीची रेघ पॉलिस्टरमधून जायला दोनदा इस्त्री लागते.